मंगळवारी साडेसहाला

ये, यास्ना.
वाऱ्याचं कारण सांगू नकोस.
पुन्ता अरेनासात वारा काय आज सुटलाय?
नगरपालिकेने चौकात दोर बांधलेत,
धरून धरून ये.

गेल्या मंगळवारी अकरा खुर्च्या मांडल्या होत्या.
चार घरच्या, दोन ओयार्सूनबाईंच्या,
बाकीच्या चर्चच्या हॉलमधून
हातगाडीवर घालून आणलेल्या.
आलो तिघी.
एदुविना, तिची लेक
(ती वायफायसाठी)
आणि मी.
रुबार्बचा केक मी बुधवारी खाल्ला, गुरुवारी खाल्ला,
शुक्रवारी कुत्र्यानेही तोंड फिरवलं.

मग तुम्हा सगळ्यांना निरोप लिहायला बसले.
आधी लिहिलं: उपस्थिती बंधनकारक.
खोडलं.
मी कोण बंधन घालणारी?
तुम्हाला ना पगार देते, ना रजा.
मग लिहिलं: येईल तिला हातांचं क्रीम फुकट.
तेही खोडलं.
माझ्या कपाटात तीच डबी उरलीय, सत्तावीस नग,
आणि तुझ्या कपाटात काय आहे
ते मला न उघडता कळतं.

खरं कारण एदुविनाने सांगितलं,
कप विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून.
'तो फळा.'
कुठला फळा?
'नावं असतात तो. नावांपुढे आकडे.
यास्नापुढे दोन महिने शून्य होतं.
तू ते किती सुबक काढलं होतंस, नोल्फा.'

रात्री झोप लागली नाही.
माझं अक्षर चांगलं, हे मला शाळेपासून ठाऊक.
पण शून्यही
चांगल्या अक्षरात काढायचं असतं का गं?

एक गोष्ट मी कधी बोलले नाही.
माझा पहिला हिवाळा.
लाउतारो खेकड्यांच्या हंगामाला बोटीवर,
आणि मी कॅटलॉग पोटाशी धरून
टेकडीवरच्या रस्त्यांनी.
एकीने दार लावलं, माझी बोटं चौकटीत होती.
एकीने लिपस्टिक घेतली,
लग्नाला लावून गेली,
सोमवारी परत आणून दिली, टोक झिजलेलं.
मी पैसे परत केले. वर 'आभारी आहे' म्हणाले.
घरी येऊन हे सगळं सांगितलं
स्टोव्हला.
स्टोव्ह ऐकतो बरं, पण उलटून बोलत नाही,
'माझंही असंच झालं' म्हणत नाही.

तर आता फळा बटाट्यांच्या पोत्याखाली आहे.
ओल लागत नाही पोत्याला. कामाला आला.
या खेपेला कुणी काय विकलं ते मी विचारणार नाही.
कुणाच्या तोंडावर कुठलं दार लागलं, ते सांगायचं.
सगळ्यात वाईट दार जिचं,
तिला केकचा पहिला तुकडा.

आणि मधे मधे, बोलण्याच्या ओघात,
निघेलच की काहीबाही:
निळ्या पत्र्याच्या घरातली आजी
पेन्शनच्या दिवशीच दार उघडते;
वळणावरचा कुत्रा भुंकतो, चावत नाही,
पण बदक चावतं;
खेकड्यांच्या कारखान्यातल्या बायका
पाळी सुटल्यावर बोटं फुंकत उभ्या असतात,
कवचांनी चिरलेली,
आणि आपल्यापैकी एकीलाही
तिथे जायचं सुचलं नव्हतं,
हे त्या वायफायवाल्या पोरीच्या लक्षात आलं.
कॅटलॉगात हे कुठे छापतात?

माल खपेल अशी शपथ मी घेत नाही.
खोटं बोलायला मला
दारोदार पुरेशी संधी मिळते.

तुझी खुर्ची स्टोव्हच्या बाजूला ठेवलीय.
डुगडुगणारी नाही, ती माझी.
माते उकळत असेल, पोरांना घेऊन आलीस तरी चालेल,
उशिरा आलीस तर बूट न काढता ये.

आणि नाहीच आलीस,
तर बुधवारी मीच येईन तुझ्याकडे,
कॅटलॉग न घेता,
केक घेऊन.
दुसऱ्या दिवसाचा.
विचार कर.