दोन-आठ

लोकांचे हात दाबून पोट भरलं मी.
वसमतच्या बाजारात, हळदीच्या पोत्यांच्या वाटेवर,
अंगठा आत दुमडायचा, पेरं एकमेकांत सारायची
आणि बोलता बोलता बांगडी पार.
नुसत्या स्पर्शानं सांगायचे:
दोन-चार. दोन-सहा. ही पोटुशी आहे.
हिनं सकाळीच गोधड्या धुतल्यात.

माझाच हात मला कळला नाही.
दोन-चारची दोन-सहा झाली, दोन-सहाची दोन-आठ,
मी म्हटलं, वय. मी म्हटलं, साबणाचं पाणी.
मग एका सकाळी मूठच मिटेना.
दुधाची पिशवी दातानं फाडली.

देगलूरकर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत आग आहे,
धूर दिसत नाही एवढंच.
गोळ्या लिहिल्या. मग पेन खाली ठेवून विचारलं,
दिवसाला चहा किती?
मी सहा सांगितले.
अकरा होते. प्रत्येकात दोन चमचे.

आता तीन आहेत, तिसरा बिनसाखरेचा, औषधासारखा.
गफूरभाई संध्याकाळी भज्यांचा पुडा सरकवतो, सवयीनं.
मी परत सरकवते. अजून सवय नाही.
ज्वारीची भाकरी घरात होतीच,
मीच तिला मागं सारलं होतं, खारी-टोस्टच्या डब्यामागं.
पाथरीची पानं कच्चीच चावते.
जवस भाजते, कारळं कुटते,
बोटं नाही म्हणतात त्या दिवशी लेक कुटतो,
मीठ विसरतो.

हळदीच्या गावात हळदीवर भरवसा टाकणं सोपं.
दोन महिने मी सगळं तिच्यावरच सोपवलं
आणि मोबाईलवर मालिका बघत बसले, रात्री एकपर्यंत.
ती तरी काय करील बिचारी.
आता दहाला मोबाईल पिठाच्या डब्यावर,
आणि उजाडायच्या आत मोंढ्यापर्यंत पायी,
हमाल यायच्या आधी, कुत्री ओळखू लागलीत.

सूज गेली नाही.
गेली म्हणाले तर तेही सहा चहांसारखंच.
पण सकाळी ताठलेली बोटं आता
अंघोळीच्या पाण्याला आधण येईस्तोवर सुटतात.
आधी दुपार व्हायची.

काल बालवाडीच्या प्रणिताबाई आल्या,
दिराच्या लग्नासाठी हिरव्या भरायला.
दोन-चार मागत होत्या, दोन-सहा चढेना.
पेर दाबलं तर गरम.
त्या म्हणाल्या, वय असंल.
बत्तीस वर्षांच्या बाई.
मागं गर्दी, कुणाचं लेकरू रडायलंय,
मी हात सोडला नाही.
म्हटलं, बांगडी राहू द्या.
रात्री झोपता किती वाजता?
आणि चहाचा आकडा
खरा सांगा.