जात: न्यारलीन

नगरपालिकेच्या स्मरणिकेसाठी
वेंगुर्ल्याचा इतिहास लिहून द्या म्हणाले.
दीड पान, फोटो धरून.
मी डच वखारीपासून सुरुवात केली,
सगळे तिथूनच करतात.

मग दाभोसवाड्यातून बस्त्याव डिसोजा आला,
पिशवीत एक वही घेऊन, कसरीने निम्मी खाल्लेली.
मोडी हात, तांबूस पडलेली शाई.
लिहिणार जकात कारकून लाडकोबा नेवगी.
'तुमचाच कोणीतरी,' बस्त्याव म्हणाला
आणि चहा न घेता गेला.

शके सतराशे पंच्याऐंशी, आश्विन वद्य सप्तमी.
रामघाटाने उतरले बैल एकशे बारा.
गासड्या दोनशे चोवीस.
जात: न्यारलीन.

तीनदा वाचलं.
चौथ्यांदा मोठ्याने वाचलं तेव्हा
जिभेलाच आधी कळलं:
न्यू ऑर्लिन्स.
तिकडचं बी, धारवाडच्या काळ्या मातीत रुजलेलं,
गाडीवानांच्या, लमाणांच्या, हमालांच्या तोंडी
घासत घासत घाट उतरून आलेलं.

त्या शहराच्या नदीच्या तोंडाशी
तेव्हा लढाऊ गलबतं आडवी लागली होती.
धक्क्यावरचा कापूस त्यांनीच पेटवला होता
शत्रूच्या हाती नको म्हणून.
आणि इथे भाव दुप्पट,
दिवाळीनंतर चौपट.
फोंडू तांडेलाने दोन शिडांचा पडाव बांधला,
नाव ठेवलं न्यारलीन.
भटजी म्हणाले, ही कुठली रे देवी?
तो म्हणाला, 'पैशे देता ती.'

वहीत पुढे: हमाली, बाया एकतीस.
नावं नाहीत.
गासडी डोक्यावर, कमरेइतकं पाणी,
मचव्यापर्यंत किती खेपा
तेवढं मात्र चोख.

तिकडच्या शहरातही वह्या असतील.
त्यांत माणसंच माल.
वय, उंची, दात, किंमत.
तिथे नावं होती, म्हणजे एकेकच,
आडनाव लावायचं तर मालकाचं.
बोंडं वेचणारे हात ते.
लढाई त्यांच्यापायी पेटली होती.

लाडकोबाला हे ठाऊक होतं का,
कोण सांगणार.
मुंबईहून पत्रं यायची, पत्रांत फक्त भाव.
पण एका पानाच्या समासात,
जिथे बेरजा नाहीत, हाशील नाही,
टाक दाबून लिहिलेले दोन शब्द आहेत:
लढाई लांबो.

दिवा मालवून मी पडवीत बसलो.
त्याच्या घरी खाणारी तोंडं नऊ,
हेही त्याच वहीत आहे, मागच्या पानावर,
तांदळाच्या हिशेबात.
त्या नवांतलं एक
माझ्या खापरपणज्याचं असावं.

पुढे भाव पडतो.
पडण्याचा आवाज नाही,
आकडे नुसते बारीक होत जातात
आणि अक्षर वाकडं.
न्यारलीन मीठ वाहू लागली,
मग सुका गोलमो,
मग खाडीकाठी पालथी पडली
आणि तिच्यावर दुसऱ्यांची जाळी वाळली.

संपादक म्हणाले, अमेरिका कशाला मध्ये?
आपल्या गावाचं लिहा.
मी म्हटलं, गावाचंच आहे.
ते म्हणाले, मग जागा नाही.
समासातले दोन शब्द काढले,
दीड पानात बसलं.

काल बंदरावर
दुर्पदा बांगड्यांचे वाटे लावून बसली होती,
फोंडू तांडेलाच्या वंशातली, असं म्हणतात.
विचारलं, न्यारलीन म्हणजे काय गो?
'आमच्या घराचा नाव. आमकां
सगळेजाण न्यारलीनकार म्हणतत.'
खंयसून इला ता नाव?
तिने माशी हाकलली.
'देवाक म्हायत. तू बांगडे घेतंस काय, ता सांग.'

दोन वाटे घेतले.
ते दोन शब्द परत घातले की नाही
ते स्मरणिका निघाली
की बघा.