बिनदाराची भिंत

घर दाखवताना दलालाने खिडक्या मोजून दाखवल्या,
वारा नाही दाखवला.
तो माझ्याआधीच राहायला आला होता,
किल्लीच्या भोकातून शीळ घालत,
चुलीतली राख जमिनीवर पसरून
पुन्हा गोळा करत.

सव्वीस वर्षं डंडी शहरात बस चालवली मी.
दुमजली बस अरुंद बोळात वळवायची,
आरशाला ओरखडा न येता.
म्हटलं, परसातली चार हात जमीन
काय अवघड आहे?

मार्चमध्ये वाटाणा पेरला.
एल्स्पेथने, बहिणीने,
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून गुलाबाच्या फांद्या धाडल्या,
चिठ्ठीत लिहिलं, 'दिवसाआड पाणी. लाड करू नकोस.'
एप्रिलच्या एका रात्रीत
काठ्या गेल्या, जाळी गेली, झारी गेली.
झारी सापडली खालच्या कुरणात,
एक मेंढी तिच्यात तोंड खुपसून उभी.
गुलाब मात्र जागेवर होते,
समुद्राच्या खाऱ्या फवाऱ्याने काळे पडलेले,
विझलेल्या काड्यांसारखे ओळीत.

कुंपणापलीकडून रॅस्मी बघायचा.
'चाललंय ना?' एवढंच.
शेटलंडची माणसं सल्ला देत नाहीत,
फार विचारलंत तर हवामान सांगतात.
मीही विचारलं नाही.
जन्मभर लोकांना त्यांचे थांबे सांगितले,
आपला विचारायची सवय नव्हती.

घरामागे टेकाडावर दगडांचं एक गोल कडं होतं,
छातीइतकं उंच, चुन्याशिवाय रचलेलं,
आणि त्याला दार नव्हतं.
मेंढ्यांचा कोंडवाडा म्हणावा, तर त्या आत जाणार कुठून?
कबर असेल कुणाची, असं धरून
मी आपली वाट बदलून जायची.

जूनमध्ये रात्र इथे पुरती होतच नाही.
झोप उडाली, तशी कोट चढवून वर गेले
आणि का कोण जाणे,
या वयात, गुडघ्याला हात लावत,
भिंतीवरून आत उतरले.

वारा थांबला.
थांबला कसला, डोक्यावरून जात होता,
मला न पाहता.
दोन महिन्यांत पहिल्यांदा
माझा श्वास मला ऐकू आला.
पायाशी खाजकुइली, एक तुटका चिनी मातीचा पाइप,
आणि काळी, भुसभुशीत, बोटं सहज आत जावीत अशी माती.

सकाळी रॅस्मीला विचारलंच.
त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.
'कोबीची शाळा आहे ती.
श्रावण... नाही, ऑगस्टात पेरायचं.
कोवळं रोप पहिला हिवाळा आत काढतं,
मग खाली येतं.'
जरा थांबून, बुटांकडे बघत म्हणाला,
'पहिल्याच वर्षी कुणाला उघड्यावर लावत नाहीत.'
कोबीचंच बोलत होता बहुतेक.

दुसऱ्या दिवशी दारात हातगाडीभर समुद्रशेवाळ,
अजून ठिबकणारं, वास असा की पडदे धुवावे लागले,
आणि वर तंबाखूची डबी.
आत मोहरीएवढं, जांभळट बी.
'ओस्लाचं आहे. तुमच्या आधी इथे राहायची.
ती गेल्यावर दरवर्षी दोन-चार रोपं लावून
मी ते जागतं ठेवलंय.
दुकानातलं उगवतं,
पण त्याला इथलं काही ठाऊक नसतं.'

नऊ वर्षं घर रिकामं होतं.
हिशेब मी घरात आल्यावर केला,
डबी हातात तशीच.

आता नोव्हेंबर. दुपारी तीनला अंधार.
काठी टेकत वर जाते, भिंतीवरून टॉर्च मारते.
बावन्न रोपं. काल त्रेपन्न होती.
पानं जमिनीला चिकटलेली,
नापसंतीने बघणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी,
पण हिरवी.

एल्स्पेथचा फोन आला रविवारी.
'गुलाब कसे आहेत?'
मी खिडकीबाहेर बघितलं.
'वायव्येचा आहे आज,' म्हटलं,
'उद्यापर्यंत पडेल.'