ओला हात

सदलग्याच्या पुलाखाली, दूधगंगेच्या काठाला
दुंडाप्पा अंबी जाळ्यातून मरळ सोडवतो
तेव्हा आधी हात पाण्यात बुडवतो.
दर वेळी.
बोटांवरून आधीचंच पाणी ठिबकत असलं
तरी पुन्हा.

लहानपणी वाटायचं, नदीला नमस्कार असेल काहीतरी.
मग मी कोरड्या तळव्यानं एक पिल्लू उचललं
आणि मनगटावर टोपलीची कड बसली.
"लोळे जातंय त्याचं."
लोळे म्हणजे बुळबुळ.
आमच्याकडं माशाला एकच कातडं
आणि त्यावरच्या चिकटाला दोन भाषा.
"जातंय तर जाऊ दे की, मामा."
"तू सालटं काढून बस जा उन्हात. मग सांग."

आता बेळगावात, कॉलेजच्या प्रयोगशाळेत
मी मदतनीस.
मरळीच्या पाठीवरून काचपट्टीच्या कडेनं
ती बुळबुळ खरवडून बशीत घ्यायची,
डोक्याकडून शेपटीकडं, उलटं नाही,
एवढंच माझं शास्त्र.
बाकीचं मॅडम सांगतात, चहा येईपर्यंत:
कातडीत सुरईच्या आकाराच्या पेशी असतात,
रात्रंदिवस ओतत राहतात.
पाण्यातला जंतू येऊन टेकतो
आणि पाय रोवायच्या आत
ज्यावर टेकला तो थरच निसटून जातो पाण्याबरोबर.
घसरगुंडीवर कुणी घर बांधत नाही.
तरी चिवट असतातच काही.
त्यांच्यासाठी त्या चिकटात विरघळलेली बारीक प्रथिनं,
जंतूच्या सालीला भोकं पाडणारी.
नावं मी पाठ केली नाहीत.
मी डब्यांवर नंबर टाकतो.

खरं बशी मी बघितलीय.
आगरवर जंतूंची पिठूळ, दाट साय,
आणि मधोमध, जिथं काल मरळीचा एक थेंब ठेवला होता,
तिथं स्वच्छ गोल.
चौदा मिलिमीटर. पट्टी मीच धरली.
टेबलावरचा जुना ओरखडा त्यातून आरपार दिसत होता.
मी जिन्यात जाऊन फोन लावला,
"मामा, तुझं लोळे जिंकलं!"
"कुठल्या गावाबरूबर मॅच हुती?"

चौथ्या दिवशी ती मरळ
टाकीच्या तळाशी, एका कुशीवर.
काचपट्टी फिरली होती नेमकं तिथं
नखाएवढा लाल चट्टा,
कडेला पिंजलेल्या कापसासारखं पांढरं.
वहीत शेवटचा रकाना असतो, शेरा.
मी लिहिलं, व्रण.
हातमोजा कोरडा होता
हे लिहायला रकाना नव्हता.

रविवारी सदलग्याच्या बाजारात बाळव्वा
चुलीतली राख पाटीभर घेऊन बसते.
राखेत लोळवल्याशिवाय मरळ मुठीत ठरत नाही.
करकर, करकर,
आणि जन्मभर ओतत आणलेलं ते सगळं
करड्या चिखलाचं होऊन गटारीला लागतं.
गिऱ्हाइकाशी ती कन्नडात घासाघीस करते
आणि मला मराठीत शिव्या घालते,
"बघत काय बसलायस, पाणी वत."
मी ओततो.

दिवस मावळताना जाळ्यात बोटाएवढी शिंगटी.
अंगावर खवलं नावालाही नाही,
आहे ते तेवढंच, बुळबुळीत.
दुंडाप्पानं माझ्याकडं पाहिलं, बोलला काही नाही.
मी हात नदीत घातला, कोपरापर्यंत,
आणि इतका वेळ ठेवला की तोच म्हणाला, बास की.
मग तिला उचलली.
तिनं जाता जाता काटा मारला
आणि गढूळ पाण्यात नाहीशी झाली.

रात्री बोट ठणकत राहिलं, सुजून लाल.
बाळव्वानं हळद बांधली.