भिंतीला नाक

थंडर बे. जानेवारी. उणे एकतीस.
आउने लेहतोला दार फटीएवढंच उघडते.
"आत ये, थंडी बाहेर ठेव."
मी बूट काढतो,
पत्र्याची नळी कडेवरच्या पोरासारखी सांभाळत
स्वयंपाकघरात नेतो.

शेगडीवर मासे, राईच्या पिठात घोळवलेले.
वर चाळीस वर्षांचा तपकिरी हूड.
पंखा घरघरतो, दमतो,
आणि धूर जसाच्या तसा
तिच्या चष्म्यावर परत करतो.

"पर्याय सांग,"
ती म्हणते, हातातलं उलथणं न थांबवता.

सगळ्यात स्वस्त म्हणजे नळीच नको.
कोळशाची जाळी बसवायची, वास गाळायचा,
हवा पुन्हा खोलीतच सोडायची.
माझ्या घरी तेच आहे. जाळी दर सहा महिन्यांनी बदलतात.
मी लग्न झाल्यापासून बदललेली नाही.
हे मी तिला सांगत नाही.

नाहीतर छतातून.
धुराला सरळ रस्ता आवडतो,
प्रत्येक वळणावर तो आळसावतो, थोडं तेल मागे ठेवतो.
पण इथे वाफ अर्ध्या वाटेत गोठते
आणि मार्चमध्ये थेंब थेंब कढईत उतरते.
नळीला जाड गोधडी लागेल. आणि जागा,
वरच्या खोलीतल्या कपाटातून.

"कपाटात उर्होचे कोट आहेत."

मग बराच वेळ फक्त तेल बोलतं.

जुनी नळी कुठे जाते ते बघायला
मी शिडी लावून माळ्यावर चढतो.
नळी कुठेच जात नाही.
तुळयांच्या मधोमध, उघड्या तोंडाने, संपते.
लाकडावर चाळीस वर्षांचे शनिवार,
मधासारखे घट्ट, वर हिमाची बुरशी.
एक ठिणगी पुरली असती.

खाली येऊन सांगतो.
ती गॅस बंद करते.
"मला म्हणाला होता, छताबाहेर काढलीय.
टाळ्यासुद्धा वाजवल्या होत्या मी."
मग हसते, आधी नाकातून, मग सगळी.
"खोटारडा. उंचीला भ्यायचा."

राहिली भिंत.
वीतभर लाकूड, आणि पलीकडे नऊ फुटांवर
रोझाल्बा पेरुसिनीची खिडकी.
नियमात बसतं. पण नियम काय,
नियमाला शेजारी नसतो.

भोक पडतं. भिंतीचा गोल तुकडा
भाकरीसारखा माझ्या हातात येतो,
आणि त्या गोलात, बर्फात, सपाता घालून,
रोझाल्बा.
"आउने! हे काय, तोफ बसवतेस?"
"माशांचा वास येईल तुझ्याकडे."
"गेली तीस वर्षं येतोय.
येऊ दे. सकाळी नऊपर्यंत आला नाही
तर मी दार वाजवीन."

आउने काही म्हणत नाही.
हातातल्या फडक्याची चौपदरी घडी घालते.
मोडते. पुन्हा घालते.

भिंतींना कान असतात म्हणतात.
नाक मी बसवतो. सहा इंची, पत्र्याचं,
बाहेरच्या बाजूला झडप.

पंखा जोरात लावला
तर बैठकीतली लाकडाची शेगडी खोकली,
तिचा धूर उलटा घरात आला.
"आता हे काय?"
घट्ट घर आहे, म्हटलं. सोडायला श्वास हवा,
तर घ्यायलाही कुठूनतरी हवा.
रांधताना ही खिडकी दोन बोटं उघडी ठेव.
"या थंडीत?"
"या थंडीत."

ती जिना चढते. वर कपाट करकरतं.
खाली येते ती उर्होच्या कोटात,
बाह्या दोनदा दुमडलेल्या,
खांदे तिच्या खांद्यांच्या पुढे निघून गेलेले.
खिडकी उघडते. बोटं लावून मोजते,
एक, दोन.
मासा उलटते.

मी हत्यारं गोळा करतो. बाहेर
वाऱ्याने झडप उघडते, मिटते.
टक्.
पलीकडच्या खिडकीत दिवा लागतो.
टक्.