पोचा

इन्व्हरकार्गिलला जुलै म्हणजे ऐन थंडी.
नोटीस लागली: ब्लेझर सक्तीचा,
मफलर शाळेच्याच रंगाचा,
आणि शुक्रवारी मिस्साच्या वेळी
घरटी एक डबा, गरजूंसाठी.

‘गरजू’ हा शब्द फादर क्विल्टर
इतका हळू उच्चारतात
की कुणाला लागू नये.

लुपेनं टोमॅटो सूप नेलं,
फळीवरचं शेवटचं.
डब्याला पोचा होता,
तो तिनं वेदीकडे वळवून ठेवला.
देवाला काय, दिसला तरी चालेल.

शनिवारी पायरीवर खोकं.
बटाटे, ओट्स, कुणाचे तरी लोकरी मोजे,
आणि तळाशी
तोच पोचा.

आई मटणाच्या कारखान्यातली रात्रपाळी करून आलेली.
हातमोजे न काढताच
हसत राहिली बराच वेळ.
मग म्हणाली, ठेव वर.
पुढच्या शुक्रवारी लागेल.