अळणी

शनिवारी फॅक्टरीतून येते ती तशीच,
बाहीवर खवले, बोटांना कॉडचा वास.
आधी अंघोळ केली तर टीरा रुसते.
तेरा वर्षांची झाली, डोळे दुधाळलेत,
मला आता ती नाकानंच बघते.

मोठं पातेलं चढवायचं. ओट्स सकाळीच भिजवलेले.
मेंढीचं काळीज, बारीक, अगदी बारीक,
कारण मागचे दात गेले गेल्या हिवाळ्यात.
बटाटे. गाजर किसून. आणि गुलरोवा,
पिवळा, दगडासारखा गड्डा,
कापताना मनगट भरून येतं.
कांदा नाही. लसूण नाही. मनुका तर विषच.
आणि मीठ नाही.
चिमूटभरसुद्धा नाही, उन्नूरनं बजावलंय.
महिन्यातून एकदा येते ती, इसाफ्योर्डहून, रस्ता उघडा असला तर.
टीराचं पोट चाचपून म्हणाली,
मूत्रपिंडं थकलीत गं हिची,
पाकिटातलं बंद कर, घरचं घाल.

घरचं!
घरी मी स्वतः उभ्या उभ्या बिस्किटं खात होते,
सिंकवर वाकून, म्हणजे बशी धुवायला नको.

आता पातेलं रटरटतं, खिडकी घामेजते,
चार वाजताच पडलेली रात्र काचेवरून ओघळते.
टीरा पायाशी. ढवळण्याचा आवाज थांबला
की मान वर.

कातडी वेगळी आणते, फॅक्टरीतून मागून.
फोरमन विचारतो, काय स्टेनव्होर, पर्स शिवतेस का?
शिवत नाही. वेणी घालते.
तीन पदरी, घट्ट, टोकाला गाठ.
माझे केससुद्धा मी इतक्या निगुतीनं विंचरले नाहीत कधी.
मग रात्रभर ओव्हन मंद,
दाराला लाकडी चमचा अडकवून फट ठेवलेली.
घरभर वास. पडद्यांना, उशीला, पोस्टानं आलेल्या बिलांना.
सकाळी वेण्या कडक. टेबलावर आपटली की
ठक्.
ट्रेच्या तळाशी उरतो तो चुरा, चमकदार, चमचाभर,
तो मी बरणीत भरते
आणि दर जेवणावर वरून भुरभुरवते.
तो नसला तर टीरा थाळीला नाक लावते
आणि माझ्याकडे अशी बघते
की मीच तोंड लपवावं.

रविवारी फोन येतो. थोरग्रीमुर, आकुरेरीहून.
तिथे तो कुणाकडे राहतो, मला माहीत आहे.
तिच्याकडे मांजर आहे, एवढंही माहीत आहे.
काय खाते सध्या?
कोण?
टीरा.
बावीस वर्षांत माझ्या ताटात
त्यानं कधी वाकून पाहिलं नव्हतं.
मी सांगते. काळीज, ओट्स, गाजर, गुलरोवा.
पलीकडे पेन्सिल कागदावर घासते, ऐकू येतं.
किती वेळ शिजवतेस?
तास. सव्वा तास.
मीठ?
नाही.
अगदीच नाही?
अगदीच.
आणि तरी खाते?
चाटूनपुसून.

मग तारेत नुसताच वारा.
पिंपात खारवलेलं मटण आठवलं, खारा मासा,
दर ऑक्टोबरला हाताला पडलेल्या चिरा, त्यांत मीठ.
कोण कुठल्या मिठाला जागतं,
ओठांवर आलं होतं.
नाही बोलले.

तोच बोलला, घसा खाकरून:
मलाही बंद केलंय, स्टेनव्होर. डॉक्टरनं. मीठ.
रक्तदाब. पायांना सूज.
इकडे सगळं तयार डब्यातलं येतं,
आणि अळणी काही
गिळवत नाही.

म्हणजे पेन्सिल
टीरासाठी नव्हती.

मी पातेल्याकडे पाहिलं. अजून पाच दिवसांचं होतं.
म्हटलं, गाजर जास्त घाल, गोडी येते.
काळीज मंद आचेवर, घाई करू नकोस, तुला घाई असते.
आणि कांदा घाल.
तुला कांदा चालेल.

तो हसला. बऱ्याच दिवसांनी, खोकल्यासकट.
टीरानं कान टवकारले, आवाज ओळखला असावा,
मग पुन्हा थाळीत तोंड घातलं.
थाळी सरकत सरकत फ्रिजपर्यंत गेली,
ती तिच्यामागे, चाटत.

बरणीतल्या चुऱ्याचं
त्याला सांगितलं नाही.
तो तिचा आहे.